१५×७०, २०×८० की २५×१००? आधी स्टँड ठरवा

जुळे सोलापुरातली गच्ची, अधूनमधून नान्नजकडचा माळ, सोबत चष्मा लावणारे वडील, आणि आकाश बघायला १५×७०, २०×८०, २५×१०० यांतला कोणता बायनॉक्युलर घ्यावा, असा तुमचा प्रश्न आहे. (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये.) माझं मत आधीच सांगतो: १५×७० घ्या आणि वाचलेले पैसे स्टँडवर घाला.

७० मिमीचं भिंग ५० मिमीच्या जवळजवळ दुप्पट प्रकाश गोळा करतं. ही उडी मोठी आहे. ७० वरून ८० वर गेलात की वाढ जेमतेम ३० टक्के, वजन मात्र साधारण दीड किलोवरून दोन किलोच्या पुढे. १०० मिमीला प्रकाश ७० च्या दुप्पट, हे खरं. पण चार किलोचं धूड फोटोच्या साध्या ट्रायपॉडवर चढवलंत तर वाऱ्याच्या झुळकेनेही तारे नाचतात. २५ पट मोठं दिसतं म्हणजे थरथरही २५ पट मोठी दिसते.

त्यात मान. सोलापूर १७.७ अंश उत्तरेला, त्यामुळे कृत्तिका आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतात. सरळ नळ्यांचा बायनॉक्युलर ट्रायपॉडवर असेल तर त्याच्याखाली वाकून, मान मोडून बघावं लागतं. १५×७० निदान आरामखुर्चीत रेलून, मोनोपॉडचा (एकाच पायाच्या स्टँडचा) टेकू देऊन थोडा वेळ तरी वापरता येतो. सगळ्यात उत्तम म्हणजे समांतरभुज दांड्यांचा स्टँड. त्यात बायनॉक्युलर वर-खाली केला तरी रोख त्याच ताऱ्यावर राहतो. तुम्ही उभ्याने बघितलंत, मग वडील खुर्चीत बसून तेच बघतील. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपातून एखादा फॅब्रिकेटर बनवून देईल.

२०×८० ची बाजूही सांगायला हवी. शहराच्या उजेडात जास्त वर्धनामुळे आकाशाची पार्श्वभूमी काळवंडते आणि तारकागुच्छ उठून दिसतात. फक्त गच्चीवरूनच बघणार असाल आणि स्टँड दणकट असेल, तर मी तिकडे झुकेन. पण माळावर देवयानी दीर्घिका तिच्या सगळ्या पसाऱ्यासकट बघायची तर १५×७० चं चारएक अंशांचं मोठं दृष्टिक्षेत्रच हवं.

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ नक्की बघा. आपल्याकडून तो २५ अंशांपर्यंत वर येतो (पुण्यापेक्षा जवळपास एक अंश जास्त, एवढाच काय तो आपला तोरा!). १५×७० मध्ये तो मोठा धूसर गोळा दिसतो. २५×१०० मध्ये चांगल्या रात्री कडा दाणेदार वाटू लागतात. उन्हाळ्यात क्षितिजालगत धुळीचा पडदा असतो, म्हणून वळीव पडून गेल्यावरची निरभ्र रात्र सोडू नका.

वडिलांसाठी आय रिलीफ (डोळा आयपीसपासून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगापासून, किती लांब ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर) १७-१८ मिमीच्या खाली नको आणि डोळ्याजवळचे रबरी कप दुमडणारे हवेत. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल, सिलिंड्रिकल नसेल, तर चष्मा काढूनही फोकस जमतो. २५×१०० मध्ये बहुधा दोन्ही डोळ्यांचा फोकस वेगवेगळा फिरवावा लागतो. आळीपाळीने बघणाऱ्यांना त्याचा वैताग येतो.

पार्सल आलं की त्याच रात्री दोन गोष्टी तपासा. बायनॉक्युलर दूरच्या वस्तूवर फोकस करा, आयपीसच्या मागे थोड्या अंतरावरून टॉर्च मारा आणि भिंगापुढे कागद धरून उजेडाचं वर्तुळ पट्टीने मोजा. स्वस्त मालात ७० लिहिलेलं असून ते ६२-६५ च भरतं. मग स्टँडवर ठेवून एखादा ठळक तारा घ्या आणि एका बाजूचा फोकस बिघडवा. फुगलेल्या गोळ्याच्या मधोमध दुसऱ्या डोळ्याचा ठिपका बसला पाहिजे. बाजूला सरकलेला दिसला तर स्क्रू पिळत बसू नका, परतीची मुदत असेतो सरळ बदलून मागा.