जिनिव्हाच्या आधी दिंडोरी

प्रश्न : मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. संयुक्त राष्ट्रांत नोकरी करायची म्हणते. त्यासाठी यूपीएससी द्यावी लागते का? – एक पालक, नाशिकरोड

नाही. यूपीएससीतून परराष्ट्र सेवेत गेलेला अधिकारी भारत सरकारचा असतो. न्यूयॉर्कला नेमला तरी तो भारताची बाजू मांडतो. संयुक्त राष्ट्रांच्या (यूएनच्या) कर्मचाऱ्याला मात्र यूएनच्या सनदेच्या कलम 100 नुसार कोणत्याही सरकारचा, अगदी स्वतःच्या देशाचाही, आदेश घेता येत नाही. भरती थेट होते आणि प्रत्येक संस्था आपल्या जाहिराती आपल्या संकेतस्थळावर देते.

मुलीने आधी विषय ठरवावा. ‘यूएन’ हा काही विषय नव्हे. पाणी, सार्वजनिक आरोग्य, संख्याशास्त्र, हिशेब तपासणी, खरेदी आणि पुरवठा, संगणक सुरक्षा या कामांना तिथे माणसे लागतात. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध घेतलेल्यांची रांग सगळ्यात लांब, त्यामुळे एम.ए. त्याच विषयात करायचे तर सोबत एखादे प्रत्यक्ष कामाचे कौशल्य हवे. आकडेवारीचे विश्लेषण आले तरी पुष्कळ.

क्लासवाले ज्याचा गाजावाजा करतात तो ‘यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम’ पदवीधरांसाठी असतो. परीक्षेच्या वर्षी 31 डिसेंबरला वय 32 पेक्षा जास्त नको, इंग्रजी किंवा फ्रेंच उत्तम हवे. खरी मेख पुढे आहे. ज्या देशांचे कर्मचारी यूएनमध्ये कमी, त्यांचीच यादी दरवर्षी निघते. त्या वर्षी यादीत भारत नसेल तर अर्ज करून उपयोग नाही. क्लासची फी भरण्याआधी यादी पाहा.

इंटर्नशिप शेवटच्या वर्षाला किंवा पदवीनंतर वर्षभराच्या आत करता येते. यूएन सचिवालय, म्हणजे यूएनची मुख्य प्रशासकीय यंत्रणा, तिचे पैसे देत नाही. न्यूयॉर्कचे भाडे घरूनच जाते. आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना), युनिसेफ आणि डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) विद्यावेतन देतात, तेव्हा आधी तिकडे पाहावे.

प्रश्न : बी.एस्सी. ॲग्री झालो. चार वर्षे द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये रेसिड्यूचे (कीटकनाशकांच्या अंशाचे) नमुने आणि नोंदी सांभाळतो. एफएओमध्ये (यूएनच्या अन्न व कृषी संघटनेत) जागा मिळेल का? – दिंडोरी

तुमच्याकडे जे आहे ते दिल्लीतल्या पुष्कळ एम.ए.वाल्यांकडे नाही. अन्नातील कीटकनाशकांच्या कमाल मर्यादा ठरवणारा कोडेक्स आयोग एफएओ आणि डब्ल्यूएचओ यांचा, 1963 पासूनचा. त्याच्या मानकांची झळ शेतावर कशी लागते हे तुम्ही रोज पाहता. पण थेट रोमच्या मुख्यालयातल्या ‘पी’ श्रेणीकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय अधिकारी पदांकडे, उडी मारू नका. सचिवालयाचा ढोबळ हिशेब असा : पदव्युत्तर पदवी आणि पी-2 साठी 2 वर्षे, पी-3 साठी 5, पी-4 साठी 7 वर्षे अनुभव. नुसती पदवी असेल तर बहुधा 2 वर्षे जास्त मागतात. जाहिरातीत वेगळे लिहिले असेल तर तेच खरे. आणि पी श्रेणीत तुमची स्पर्धा जगभरच्या लोकांशी आहे.

भारतातल्या भारतात भरल्या जाणाऱ्या जागा वेगळ्या असतात : जी श्रेणीची सहायक पदे, राष्ट्रीय अधिकारी, प्रकल्पावरचे राष्ट्रीय सल्लागार. तिथे स्पर्धा मुख्यतः आपल्याच लोकांशी असते, शिवाय अनेक कामांत मराठी-हिंदी जमेची बाजू ठरते. युनिसेफचे महाराष्ट्राचे काम मुंबईच्या कार्यालयातून चालते. यूएन स्वयंसेवकांची राष्ट्रीय पदेही पाहा. त्यात 18 ते 26 वयाचा युवा गट आणि 27 च्या पुढचा तज्ज्ञ गट असतो. नाव स्वयंसेवकाचे असले तरी दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. वनस्पतिरोगांवर काम करणारी ‘काबी’ ही आंतरसरकारी संस्था तुमच्या कामाच्या जवळची, तिचे कार्यालय दिल्लीत आहे. नाशिककरांना मोह होईल तो द्राक्ष व वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा. भारत तिचा सदस्य आहे, पण फ्रान्समधल्या दिजाँचे तिचे सचिवालय लहान. तिच्यावर भिस्त ठेवू नका.

सल्लागाराच्या करारात सहसा पेन्शन आणि रजा नसते, आणि मुदत संपली की काम संपते. सही करण्याआधी हे वाचा. त्यातच 2025 पासून यूएनच्या अनेक संस्थांना पैशाची चणचण आहे, पदे कमी होत आहेत. हातची नोकरी सोडून वाट पाहू नका.

प्रश्न : दोन वर्षांत बरेच अर्ज केले, एकाचेही बोलावणे नाही. चुकते कुठे? – गंगापूर रोड

बहुधा अर्जातच. सचिवालयाचा अर्ज ‘इन्स्पिरा’ प्रणालीत भरायचा असतो. तिथे तयार बायोडेटा चिकटवून भागत नाही. प्रत्येक नोकरीची सुरुवात आणि शेवट महिन्यासकट लिहा, कारण अनुभव महिन्यांत मोजला जातो. अर्धवेळ काम अर्धेच धरतात. पदवीआधीचा अनुभव सहसा धरत नाहीत. 5 वर्षे मागितली आणि तुमची 4 वर्षे 10 महिने भरली, तर माणूस कितीही चांगला असो, चाळणीतच गळतो.

पदवीचेही तसेच. विद्यापीठाचे नाव आंतरराष्ट्रीय विद्यापीठ संघटनेच्या जागतिक सूचीत शोधा आणि तिथल्या स्पेलिंगनेच लिहा. पदवी मुक्त विद्यापीठाची असेल तर हे न चुकता करा.

आता कामाचे वर्णन. ‘प्रशिक्षणाची जबाबदारी सांभाळली’ यावरून काहीच कळत नाही. ‘सिन्नर तालुक्यातील 12 गावांत पाणी समित्यांचे प्रशिक्षण आखले, 9 समित्यांनी हिशेब वेळेत दिले’ असे लिहिले की वाचणारा थांबतो. जाहिरातीतले प्रत्येक कर्तव्य समोर ठेवा आणि त्याचा पुरावा आपल्या वर्णनात आहे का ते पाहा. एकच अर्ज दहा ठिकाणी गेला की तो दहाही ठिकाणी पडतो. महिन्याला दोनच भरा, पण त्या जागेसाठी बसून लिहा.

मुदत न्यूयॉर्कच्या मध्यरात्री संपते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. तोपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. शेवटच्या तासांत प्रणाली रखडू शकते.

अर्ज चाळणीतून पार झाला की सहसा लेखी चाचणी, मग मुलाखत. ‘तुमच्या गटात मतभेद झाले तेव्हा काय केले?’ असे घडलेल्या प्रसंगावरचे प्रश्न येतात. प्रसंग, तुम्ही केलेली कृती, परिणाम, या क्रमाने बोला. आपल्याकडे नम्रतेने ‘आम्ही केले’ म्हणायची सवय असते. तिथे तुम्ही स्वतः काय केले ते सांगितले नाही तर गुण मिळत नाहीत.

प्रश्न : फ्रेंच शिकू का? – पंचवटी

जिनिव्हा किंवा पश्चिम आफ्रिका डोळ्यांपुढे असेल तर जरूर. बी-2 पातळीला, म्हणजे स्वतंत्रपणे बोलता-लिहिता येण्याला, साधारण 500 ते 600 तास लागतात, म्हणजे रोज तासभर धरला तरी दीड वर्ष. ए-2 या प्राथमिक पातळीवर सोडलेली भाषा अर्जात काहीच कामाची नाही. यूएनच्या सहा अधिकृत भाषांपैकी दुसरी कोणतीही चालेल. अरबी येणारे उमेदवार कमी भेटतात, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : एका एजंटने यूएनचे नेमणूकपत्र दाखवले. व्हिसा आणि प्रशिक्षणाचे 45 हजार मागतो. – सातपूर

देऊ नका. यूएन अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, कशाचेही पैसे घेत नाही आणि अर्जात बँक खात्याचा तपशील मागत नाही. मुलाखतीशिवाय आलेले पत्र आणि फुकट ईमेल सेवेवरचा पत्ता, या दोन खुणा पुरेशा आहेत. पत्रातला जाहिरात क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा, एजंटने पाठवलेल्या लिंकवरून नव्हे. पैसे गेले असतील तर आजच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर होईल तितकी रक्कम गोठवायची शक्यता कमी.