आजी व्हायच्या आधीची आजी

प्रश्न : माझी आजी आठ महिन्यांपूर्वी गेली. घरच्यांसाठी तिच्याबद्दल काही लिहून ठेवायचं म्हणून रोज बसते, पण 'ती फार प्रेमळ होती, कष्टाळू होती, सगळ्यांना धरून होती' यापुढे पेन सरकत नाही. हे तर कुणाच्याही आजीबद्दल म्हणता येईल. शिवाय एकच प्रसंग आत्या एक सांगते, काका वेगळाच सांगतात. आणि आजी-आजोबांचं शेवटपर्यंत पटलं नाही, तेही लिहायचं का? — एक नात

उत्तर : तुम्हाला जे खटकलं ते बरोबरच खटकलं. 'प्रेमळ' हा शब्द खोटा नाही, पण त्यात तुमची आजी दिसत नाही. असा शब्द आला की तिथेच थांबा आणि स्वतःला विचारा, म्हणजे ती नेमकं काय करायची?

माझ्या आजीचं सांगते. ती शिवणकाम करायची. नजर अधू झाली तेव्हा सुईत दोरा ओवणं तिला जमेना. येता-जाता कुणाला 'जरा ओवून दे' म्हणणंही तिला आवडत नसे. मग दर रविवारी ती आम्हा नातवंडांना बसवून दहा सुया ओवून घ्यायची आणि जुन्या फडक्यात ओळीने टोचून ठेवायची, आठवडाभराची बेगमी म्हणून. दोरा बोटांपासून कोपरापर्यंतच, त्याहून लांब झाला की म्हणायची, "एवढा नको, गुंता होतो." पुढच्या रविवारी फडक्यात किती सुया तशाच उरल्यात ते मी मोजायची. फार उरल्या असल्या तर त्या आठवड्यात तिला बरं नव्हतं, हे तिने न सांगता कळायचं. तिच्यावर लिहिताना मला 'स्वाभिमानी' हा शब्द लागलाच नाही.

पण सुया मला माहीत होत्या, मी तिथे होते. मी नव्हते तेव्हाची आजी मला फार उशिरा भेटली, आणि तुम्हाला मला खरं तर हेच सांगायचं आहे. आपल्याला कळायला लागतं तोवर आजीचं निम्म्याहून जास्त आयुष्य होऊन गेलेलं असतं. माझी आजी हसताना तोंडावर हात धरायची. आम्ही सगळे तिला लाजाळू समजायचो, मी पहिल्या खर्ड्यात तसं लिहिलंही. तो खर्डा तिच्या धाकट्या बहिणीला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "लाजाळू? ती? अगं, सोळाव्या वर्षी भावाची सायकल न विचारता घेतली आणि उतारावरून सुसाट गेली. अशी आपटली की पुढच्या दाताचा टवका उडाला. तेव्हापासून तो हात." घरी येऊन मी जुने फोटो काढून बसले. एकूण एक फोटोत ओठ मिटलेले. इतकी वर्षं मी तो हात बघत होते आणि त्याच्यामागची उतारावरची मुलगी मला ठाऊकच नव्हती. त्या रात्री मला आवरेना इतकं रडू आलं.

म्हणून आधी तिच्या बरोबरीच्या माणसांकडे जा. बहीण, मैत्रीण, जुनी शेजारीण, एकत्र काम केलेलं कुणी. लिहायला तुम्ही दोन वर्षं घेतलीत तरी चालेल, त्यांना भेटायला मात्र घेऊ नका.

आत्या आणि काकांना वेगवेगळं भेटा. एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण खरी ठरते. दोघांपैकी कुणी खोटं बोलतंय असंही समजू नका. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली मांडलं होतं की आठवण ही पेटीतून जशीच्या तशी निघत नाही, माणूस ती दर वेळी नव्याने रचतो. पुन्हा पुन्हा सांगताना अनोळखी तपशील गळतात, ओळखीचे शिरतात. तेव्हा 'आत्या असं सांगते, काका तसं सांगतात' म्हणून दोन्ही लिहा. तारखांसाठी मात्र दाखले, पत्रांवरचे पोस्टाचे शिक्के आणि फोटोंच्या पाठीवरची अक्षरं बघा.

आणि आजोबांचं. लिहा. न पटणाऱ्या माणसाबरोबर सगळा संसार करणं हा तिच्या आयुष्याचा केवढा मोठा भाग आहे! तो गाळलात तर तिचा राग गेला, तिचं गप्प बसणं गेलं, कदाचित तुम्हा मुलांना इतकं जवळ ओढून घेण्यामागचं कारणही गेलं. फक्त जे पाहिलं-ऐकलं तेवढंच लिहा, कारणं आपल्या मनाने जोडू नका. आणि तिच्या मुलांना वाचायला दिल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका.

प्रश्न : आजीचा आवाज असलेली एक जुनी कॅसेट सापडली आहे. घरातला टेपरेकॉर्डर अजून चालतो. वाजवून बघू का? — एक वाचक

उत्तर : नुसती गंमत म्हणून नको. आधी कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या आहेत का बघा. असल्या तर त्या तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही. फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर मशीनला हात लावू नका, जाणकाराकडे द्या. एरवी टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे फीत ज्याला घासून जाते तो भाग, साफ करून कुठलीतरी बिनकामाची कॅसेट आधी चालवून बघा. मग आजीची लावाल तेव्हा पहिल्याच वेळी ती संगणकावर उतरत असली पाहिजे, कारण जुनी फीत दुसऱ्यांदा नीट चालेलच असं नाही. फाइल वेव्ह (WAV) स्वरूपात ठेवा, एमपी३ मध्ये आवाजातला काही भाग कमी होतो. तीन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. मधला खोकला, भांड्यांचे आवाज, 'हे चालू आहे का गं?' हे काहीही कापू नका.

प्रश्न : माझी आजी ९१ वर्षांची आहे. हल्ली विसरते. तिला काय विचारू? — एक नातू

उत्तर : आजच जा. 'हे आठवतं का, ते आठवतं का' असं मात्र विचारू नका, परीक्षेला बसवल्यासारखं होतं आणि ती गोंधळते. उतारवयातल्या माणसांना साधारण १० ते ३० या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा कालचं विचारू नका, तिकडचं विचारा. शाळेत शेजारी कोण बसायचं? घरात सगळ्यात आधी कोण उठायचं? पहिल्यांदा एकटीने प्रवास कधी केलास? त्या काळातली एखादी वस्तू किंवा फोटो हातात द्या आणि गप्प बसा. ती बोलेल त्याआधी बराच वेळ जाईल, तो जाऊ द्या. चुकली तर दुरुस्त करू नका. तुम्हाला तुमच्या वडिलांच्या नावाने हाक मारली तर ओ द्या. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तर तिसऱ्यांदाही रेकॉर्ड करा, माझ्या आजीच्या बहिणीने त्या उताराच्या तळाशी आणखी कोण उभं होतं, हे तिसऱ्या खेपेलाच सांगितलं.