मासे नेमके आले कुठून आणि एवढ्या जाती कशा झाल्या?

तुम्ही विचारलंय की बाजारात बांगडा, मुशी, लेप, वांब सगळं एकाच फळीवर मासे म्हणून मांडलेलं असतं, पण एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही, मग हे सगळे एकाच पूर्वजापासून आले म्हणायचं कसं, आणि आले असतील तर एवढे वेगळे झाले कशामुळं. मी बेळगावात पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांना बायॉलॉजी शिकवते, माहेर खानापूर तालुक्यातलं, आणि हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळं उत्तर लांब होणार, निवांत वाचा.

आधी नात्याचं बघू, कारण इथंच सगळ्यांची गडबड होते. बांगडा आणि मुशी, म्हणजे शार्क, दोन्ही पाण्यात राहतात, दोघांना कल्ले आहेत, दोघांना पर आहेत, म्हणून आपण त्यांना भाऊ-भाऊ समजतो. पण बांगड्याचं नातं मुशीपेक्षा तुमच्या-माझ्याशी जास्त जवळचं आहे. मुशीचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तसल्या मऊ हाडाचा, आणि तिची शाखा फार आधीच वेगळी झाली. नंतर हाडाच्या सांगाड्यावाली जी शाखा राहिली तिच्यातूनच पुढं बांगडा पण आला आणि बेडूक, पाल, चिमणी, गाय, माणूस हे पण आले. म्हणजे मासे हा एकच एक वंश नव्हेच, पाण्यातून बाहेर न पडलेले जेवढे पाठकणावाले राहिले त्या सगळ्यांना मिळून आपण मासे म्हणतो. हे एकदा डोक्यात बसलं की एवढी विविधता का, हा प्रश्न अर्धा तिथंच सुटतो, कारण पन्नास कोटी वर्षांचा हिशोब आपण एका फळीवर मांडून बसलोय.

सुरुवात कुठून, तर चीनच्या युनान प्रांतात चेंगजियांग म्हणून जागा आहे, तिथल्या दगडात साधारण ५१.८ कोटी वर्षांपूर्वीचे जीव अगदी मऊ अवयवांसकट उमटलेले सापडलेत. त्यात हायकोइक्थिस नावाचा एक जीव आहे, लांबी इंचभर, जबडा नाही, जोडीचे पर नाहीत, पण डोकं आहे, डोळे आहेत, कल्ल्यांच्या पिशव्या आहेत आणि पाठीत मणक्यांची सुरुवात दिसते. त्यानंतर कितीतरी कोटी वर्षं मासे बिनजबड्याचेच होते, चिखल चाळायचा, बारीकसारीक ओढून घ्यायचं, बस. काहींनी अंगावर हाडांचं चिलखत चढवलं. त्या बिनजबड्यावाल्यांपैकी आज लँप्रे आणि हॅगफिश एवढे दोनच गट उरलेत, आणि ते आपल्या बाजारात काही येत नाहीत.

मग आला जबडा, आणि माझ्या मते माशांच्या अख्ख्या इतिहासात याच्याएवढी मोठी गोष्ट दुसरी नाही. जबडे असलेल्या माशांचे बऱ्यापैकी पूर्ण असे सगळ्यात जुने जीवाश्म दक्षिण चीनमधले, साधारण ४३.६ कोटी वर्षांपूर्वीचे. जबडा काही शून्यातून उगवला नाही, गर्भात कल्ल्यांचे आधार ज्या कमानींपासून बनतात त्याच रांगेतल्या सगळ्यात पुढच्या कमानीपासून जबडा बनतो, आजही, बांगड्यात आणि बाळाच्या गर्भातही. आणि एकदा चावता यायला लागलं की खाण्याचे मार्ग केवढे वाढले बघा, शिंपला फोडता येतो, दुसऱ्या माशाचा लचका तोडता येतो, आणि ज्याचा लचका तोडला जातोय त्याला पळायला किंवा लपायला शिकावं लागतं. पुढचा डेव्होनियन काळ, साधारण ४१.९ ते ३५.९ कोटी वर्षांपूर्वीचा, माशांचं युग म्हणूनच ओळखला जातो. डंकलिऑस्टियस नावाचा चिलखती मासा याच काळातला, त्याला दात नव्हतेच, जबड्याच्या हाडाच्या पात्याच कात्रीसारख्या चालायच्या. या काळाच्या शेवटी मोठा संहार झाला, चिलखतवाले सगळे संपले, आणि मैदान मिळालं कूर्चावाल्यांना आणि हाडवाल्यांना.

हाडवाल्यांचे परत दोन फाटे. एकाच्या परात नुसत्या काड्या, म्हणजे आपण खातो ते जवळजवळ सगळे, बांगडा, पापलेट, रोहू, मरळ. दुसऱ्याच्या परात मांस आणि आतमध्ये दांडीसारखी हाडं. या दुसऱ्या फाट्यातले टिकटालिकसारखे मासे ३७.५ कोटी वर्षांपूर्वी उथळ पाण्यात परांवर रेटा देऊन अंग उचलत होते, टिकटालिकचा जीवाश्म २००४ साली कॅनडाच्या पार उत्तरेच्या एल्समेअर बेटावर सापडला. त्याला मान होती, मनगटासारखा सांधा होता. आणि याच फाट्यातला सीलाकँथ मासा, जो डायनासोरांबरोबर संपला असं सगळे धरून चालले होते, तो १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत मच्छीमारांच्या जाळ्यात जिवंत आला, मार्जरी कोर्टनी-लॅटिमर या म्युझियमवाल्या बाईंच्या नजरेनं तो हेरला म्हणून जगाला कळलं.

इथं मध्येच फुफ्फुसाचं सांगते, कारण मुलं दरवर्षी उलटं सांगतात. माशाच्या पोटात ती हवेची पिशवी असते ना, साफ करताना फट्कन फुटते ती, तिच्यापासून पुढं फुफ्फुस झालं असं वाटतं, खुद्द डार्विनलाही तसंच वाटलं होतं. आता पुरावा उलटा आहे, हाडवाल्या माशांच्या पूर्वजाला आधी फुफ्फुसासारखीच पिशवी होती, हवा घ्यायला, आणि बहुतेक माशांत नंतर तिचं काम बदलून पाण्यात तरंगायची उंची सांभाळणं एवढं राहिलं. आपली मरळ तळं आटल्यावर चिखलात तग धरते, वर येऊन तोंडानं हवा घेते, पण ती या जुन्या फुफ्फुसानं नव्हे, तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर वेगळी जागा तयार झालीय हवेसाठी. म्हणजे हवा घ्यायची सोय माशांत एकदाच नाही, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या मार्गानं झाली.

आता तुमचा खरा प्रश्न, एवढ्या जाती का. माशांच्या आजघडीला ३५,००० च्या वर जाती नोंदल्या गेल्यात, पाठकणा असलेल्या सगळ्या प्राण्यांतले निम्मे किंवा थोडे जास्तच. आणि लोक काय म्हणतात, समुद्र केवढा अफाट, मग जाती होणारच की. मला हे उत्तर अजिबात पटत नाही, कारण आकडेच त्याच्या विरुद्ध आहेत. नद्या आणि तळी मिळून पृथ्वीवरच्या पाण्याचा साधारण ०.०१ टक्के हिस्सा, आणि माशांच्या जवळपास निम्म्या जाती त्या एवढ्याशा गोड्या पाण्यात आहेत. म्हणजे पाणी किती आहे यापेक्षा ते किती तुकड्यांत तुटलंय याला जास्त महत्त्व आहे.

हे बघायला लांब कुठं जायला नको, चोर्ल्याच्या रस्त्यानं कणकुंबीला जा. मलप्रभा तिथं उगम पावते आणि पूर्वेला वळते, पुढं कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि त्याच परिसरातला कळसा नाला पश्चिमेला म्हादईकडं उतरतो, म्हादई गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. पाऊस तोच, डोंगर तोच, पण मधल्या उंचवट्यामुळं या पाण्यातल्या माशाला त्या पाण्यातला जोडीदार भेटणं जवळपास अशक्य. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की दोन पिढ्यांत दोन्ही घरच्या आमटीची चव वेगळी होते तसंच हे, फक्त इथं पिढ्या हजारो आणि लाखो. एकीकडं पाणी ओढाळ, दुसरीकडं संथ, एकीकडं गोटे, दुसरीकडं गाळ, जो बदल तिथं उपयोगी पडतो तो टिकतो, काही बदल नुसते योगायोगानं टिकतात, आणि एक दिवस दोघांना एकत्र आणलं तरी ते एकमेकांना ओळखत नाहीत. पश्चिम घाटात गोड्या पाण्यातल्या माशांच्या जवळपास ३०० जाती आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जगात दुसरीकडं कुठंच नाहीत, याचं मुख्य कारण हे असे तुटलेले ओढे आणि नद्या.

म्हणूनच एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात न्यायच्या गोष्टी निघतात तेव्हा मला माशांची काळजी वाटते. पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याची गरज खरी आहे, मी ती नाकारत नाही, माझ्या नात्यातले लोकही शेतीच करतात, पण लाखो वर्षं वेगळी राहिलेली दोन पाणी जोडली की मासेही जोडले जातात, हा मुद्दा चर्चेत यायलाच पाहिजे.

तुकड्यांमुळं जाती किती वेगानं होतात याचं सगळ्यात जबर उदाहरण आफ्रिकेतलं. व्हिक्टोरिया सरोवर साधारण १५,००० वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं, नंतर परत भरलं, आणि तेवढ्या काळात तिथं सिक्लिड गटातल्या माशांच्या ५०० च्या आसपास जाती तयार झाल्या. कोण शेवाळ खरवडतो, कोण गोगलगाय फोडतो, कोण दुसऱ्यांची पिल्लं खातो. सगळं एकाच सरोवरात, मग तुटलेलं पाणी कुठं आलं म्हणाल, तर तिथं तुकडे खोलीचे आणि उजेडाचे आहेत, खोल पाण्यात लाल रंग नीट दिसतो तर उथळात निळा, मादी आपल्याला दिसतो त्या रंगाचा नर निवडते, आणि तेवढ्यावर वंश वेगळे होत जातात. पुढं पाणी गढूळ झालं तशी रंगांची ओळख पटेना, आणि वेगळ्या झालेल्या जाती परत एकमेकांत मिसळायला लागल्या. १९५० च्या दशकात सोडलेल्या नाईल पर्च या मोठ्या शिकारी माशानं तर कितीतरी जाती खाऊनच संपवल्या. आपल्या धरणात मिळणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, याच सिक्लिड कुळातली, १९५२ साली बाहेरून भारतात आणलेली, आणि गोव्याकडून येणारा कालुंदर हा त्याच कुळातला पण आपला देशी.

पण तुकडे झाले म्हणून सगळेच प्राणी एवढे पसरत नाहीत, अंगातही तशी लवचिकता लागते. काड्यांच्या परावाल्या माशांचा जो मोठा गट आहे, त्यांच्या पूर्वजात सगळ्याच जनुकांची एकदा दुप्पट झाली, ३० कोटी वर्षांहूनही आधी. जास्तीच्या प्रतींपैकी बऱ्याच गळून गेल्या, पण ज्या राहिल्या त्यातली एक जुनं काम करत राहिली आणि दुसरीला नवीन काम करायला मोकळीक मिळाली. एवढ्यावरच सगळी विविधता झाली असं म्हणणारे आहेत, मला ते पूर्ण पटत नाही, कारण दुप्पट झाल्यावरही कितीतरी कोटी वर्षं फारसं काही घडलेलं दिसत नाही.

तोंडाचं मात्र मला पूर्ण पटतं. या काड्यांच्या परावाल्यांचा जबडा पुढं सरकतो, नळीसारखा, आणि भक्ष्य पाण्यासकट आत ओढलं जातं. कटला, रोहू आणि मृगळ आपल्याकडं एकाच तळ्यात सोडतात ना, ते का चालतं, तर कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरचं खातो, रोहू मधलं, आणि मृगळाचं तोंड खाली, तो तळाचं. तिघंही एकाच कुळातले पण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. आणि रोहूचं डोकं कापलंत तर तोंडात एक दात नाही, दात घशात असतात, ओढायचं काम तोंडाचं आणि चावायचं घशाचं, त्यामुळं दोन्हींना स्वतंत्रपणे बदलता येतं.

समुद्रातल्यांची कथा थोडी वेगळी. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोर गेले तो संहार समुद्रालाही बसला, आणि त्यानंतर काटेरी परांच्या माशांनी मोकळ्या झालेल्या जागा भरल्या. बांगडा, सुरमई, टूना यांचं कुळ आणि लेप या काळात फोफावलेले.

लेपाबद्दल तुम्ही विचारलंय की दोन्ही डोळे एका बाजूला हे टप्प्याटप्प्यानं कसं होईल, अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा उपयोग काय. डार्विनच्या काळातही हाच आक्षेप होता. लेपाचं पिल्लू साध्या माशासारखं असतं, दोन बाजूंना दोन डोळे, वाढताना एक डोळा कवटीवरून फिरून पलीकडं जातो. आणि २००८ साली जीवाश्मांचे अभ्यासक मॅट फ्रीडमन यांनी इटलीतल्या साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवरून दाखवलं की तेव्हाच्या पूर्ण वाढलेल्या माशांतही डोळा अर्ध्या वाटेवरच होता. अर्धा सरकलेला डोळा घेऊन ते व्यवस्थित जगत होते आणि मासे खात होते. पाकट पण चपटीच, पण ती पोटावर चपटी, लेप कुशीवर, म्हणजे तळाशी बसायची गरज एकच आणि वाटा दोन.

उलटंही होतं. समुद्रातली वाम आणि आपल्या घटप्रभेतली वांब दोन्ही सापासारख्या, पण वांबेचं जवळचं नातं वामेशी नाही, मरळीशी आहे. फटीत, चिखलात शिरायचं तर लांबडं अंग बरं पडतं, म्हणून दोघी वेगवेगळ्या तसल्या झाल्या. त्यामुळं नुसत्या चेहऱ्यावरून नातं ठरवू नका.

शेवटचं तुम्ही विचारलंय की सगळे मासे शोधून झालेत का. नाही. २०२० साली आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी मंदिराच्या कुंडात एक बारीक मासा नवीन जात म्हणून नोंदला गेला, नाव शिस्टुरा हिरण्यकेशी, शोधणाऱ्यांत तेजस ठाकरे होते, आणि २०२१ साली त्या जागेला महाराष्ट्र सरकारनं जैवविविधता वारसास्थळ जाहीर केलं. तीच हिरण्यकेशी पुढं आपल्या संकेश्वरावरून जाते. खानापूरच्या जंगलातल्या ओढ्यांतही असं काही निघालं तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. आंबोलीला गेलात तर कुंड जरूर बघा, काठावरूनच बघा, साबण-शॅम्पू तिथं अजिबात नको, आणि घरच्या टाकीतला नकोसा झालेला मासा तिथं किंवा कुठल्याच ओढ्यात सोडू नका.