न्यायालये सामान्य माणसाचे स्वातंत्र्य खरोखर वाचवतात का?

आपण विचारले आहे की, न्यायालये नागरिकांच्या स्वातंत्र्याचे रक्षण नेमके कसे करतात आणि सामान्य माणसाने त्यांच्यावर विसंबावे का. रक्षण करतात, परंतु आपण होऊन कुणाच्या दारी येत नाहीत. हक्कांवर घाला आला तर अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च आणि २२६ खाली उच्च न्यायालयात थेट दाद मागता येते, हे आपल्याला ठाऊक असणारच, म्हणून मी थेट माझ्या धाकट्या भावाच्या तडीपारीविषयी, म्हणजे हद्दपारीविषयी, लिहितो.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले आणि भाऊ यंत्रमागावर कामाला. मजुरीवाढीच्या एका मोर्चानंतर त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५९ ची, म्हणजे आपली बाजू मांडण्याची, नोटीस आली आणि पुढे कलम ५६ खाली सोलापूर, धाराशिव व पुणे या तीन जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी हद्दपारीचा आदेश निघाला. त्याच्यावर गुन्हे दोनच होते. एक सहा वर्षांपूर्वीचा, ज्यातून तो निर्दोष सुटला होता, आणि दुसरा त्या मोर्चातील ढकलाढकलीचा. उरलेला सारा भार दोन गोपनीय साक्षीदारांच्या जबाबांवर होता आणि त्यांत ना तारीख होती ना ठिकाण. आदेशाच्या तिसऱ्या पानावर 'याच्या दहशतीमुळे परिसरातील नागरिक भयभीत आहेत' असा परिच्छेद होता, त्यात भावाच्या जागी दुसऱ्याच कुणाचे आडनाव राहून गेले होते. माणूस बदलला होता, दहशत तेवढी जुनीच वापरली होती.

आमच्या घरात मामांचा शब्द अखेरचा असे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, नगरसेवकांना सांगून वरून फोन करवू, असे त्यांचे मत होते. मी विरोध केला तेव्हा त्यांनी सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा दाखला दिला: "१९३० च्या मार्शल लॉच्या वेळी आपल्या चौघांना फाशी ठोठावली, तीही न्यायालयानेच ना?" १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात त्या चौघांना फाशी दिली गेली हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही, त्यामुळे त्या वेळी मी गप्प बसलो. आज उत्तर देतो. तेव्हा राज्य परक्यांचे होते, आणि सरकारलाही मोडता येणार नाहीत असे लेखी मूलभूत हक्क अस्तित्वातच नव्हते. तो दाखला तडीपारीला लावणे म्हणजे आळसाला इतिहासाचे पांघरूण घालणे होय.

शासनाकडे केलेले अपील फेटाळले गेल्यावर मी उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केली. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबईत उतरायचे, दिवसभर न्यायालयात प्रकरणांचे क्रमांक दाखवणाऱ्या बोर्डाकडे पाहत बसायचे आणि तारीख घेऊन परतायचे, असे मी अकरा वेळा केले. भाऊ तोवर विजापूरला बहिणीकडे राहत होता, आणि सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, निघाले तेव्हा आईने फोन त्या दिशेला धरून त्याला हलग्यांचा आवाज ऐकवला होता. आमच्या वकिलांनी आडनावाच्या चुकीवर फारसा भर दिला नाही. त्यांनी जानेवारी २०२२ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे ठेवला, ज्यात जालन्याच्या एका इसमाची तडीपारी रद्द करताना न्यायालयाने म्हटले होते की, हा असाधारण उपाय असून तो क्वचितच वापरावा आणि कमाल दोन वर्षांची मुदत लावायची तर तिची कारणे आदेशात दिसली पाहिजेत. आमच्या आदेशात ती नव्हती, आणि तीन जिल्हे कशासाठी याचेही उत्तर नव्हते. आदेश रद्द झाला, पण तोवर चौदा महिने उलटले होते.

तेव्हा नोटीस हाती पडताच लेखी खुलासा द्यावा, पोचपावती घ्यावी आणि मध्यस्थांच्या नादी लागू नये. आता सोलापूरची प्रकरणे १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे, म्हणजे तिथे बसणाऱ्या खंडपीठाकडे, जातात, त्यामुळे मुंबईची खेप वाचते.

एवढे मात्र कबूल केले पाहिजे की, न्यायालयेही कच खातात. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धांना दाद मागण्याचा मार्गच बंद केला. एकटे न्या. ह. रा. खन्ना विरोधात उभे राहिले, आणि तो निकाल चुकीचा होता हे न्यायालयाने स्पष्टपणे म्हणायला २०१७ साल उजाडले. मामांना हे प्रकरण ठाऊक नव्हते, आणि मीही ते त्यांना सांगितले नाही.

आदेश नगरसेवकांच्या फोनमुळेच रद्द झाला, असे मामा आजही लग्नाकार्यात सांगतात. निकालपत्र नऊ पानांचे आहे आणि त्याची एक प्रत मी त्यांच्या घरी नेऊन दिली आहे.