न्यू जर्सीत कमी डासांचे स्टेट पार्क कसे निवडावे?

जुलैमध्ये दोन लहान मुलांसह तंबूत राहून डोंगरवाटा चालायच्या आहेत, तर न्यू जर्सीतील कोणत्या स्टेट पार्कमध्ये डास नसतात, असे आपण विचारले आहे. डास मुळीच नाहीत असे ठिकाण उन्हाळ्यात येथे मिळणार नाही. मात्र ते कमी कुठे असतील हे नकाशा पाहून बऱ्यापैकी ओळखता येते.

पहिल्या वर्षी आम्ही राज्याच्या दक्षिणेला, खाजणापासून काही मैल आत, पाइनच्या जंगलात तंबू ठोकला होता. आसपास डबकेही नव्हते, म्हणून निर्धास्त होतो. तिन्हीसांजेला मुलाचा जोडा आत घेण्यासाठी तंबूची चेन क्षणभर उघडली, तेवढ्यात वीसेक डास आत शिरले आणि उरलेली रात्र मी विजेरीच्या उजेडात टाळ्या वाजवीत काढली. खाजणातील या डासाची मादी अंडी पाण्यात नव्हे, तर ओलसर चिखलावर घालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाने किंवा मोठ्या पावसाने तो चिखल बुडाला की अंडी एकदम फुटतात आणि आठवडा-दहा दिवसांत पंख फुटलेले डास कित्येक मैल आत येतात. कोकणात खाजणाकाठी लहानाचा मोठा होऊनही मला हे ठाऊक नव्हते!

म्हणून जुलैमध्ये जायचेच असेल, तर वायव्येकडील किटाटिनी डोंगररांग निवडावी. तेथील हाय पॉइंट स्टेट पार्कमध्ये राज्याचे सर्वांत उंच, म्हणजे 1,803 फुटांचे शिखर आहे, अ‍ॅपलेचियन ट्रेल ही लांब पल्ल्याची प्रसिद्ध पायवाट तेथूनच जाते आणि माथ्यावर वारा खेळता असतो. डास उडण्यात फारसा तरबेज नाही. ताशी 10 मैलांच्या वाऱ्यातही त्याची तारांबळ उडते. पण केवळ उंचीवर विसंबू नये, कारण याच पार्कात, ऐन उंचीवर, सीडर वृक्षांची दलदल आहे. ती वाट सुंदर आहे, तरी आपण ती शरद ऋतूसाठी राखून ठेवावी. तळ्याचे मात्र उगीच भय बाळगू नये. लाटा उठणाऱ्या, मासे असलेल्या मोठ्या पाण्यात अळ्या फारशा टिकत नाहीत. त्या वाढतात काठच्या गवताळ उथळ पाण्यात, झाडांच्या ढोलीत आणि पावसाने भरलेल्या खळग्यांत. तंबूची जागा राखताना म्हणूनच सखल, गर्द सावलीची जागा सोडून उघडी, किंचित चढावरची घ्यावी.

निघण्यापूर्वी मागच्या दहा दिवसांचा पाऊस पाहावा, आणि तो जोराचा झाला असेल तर बेत आठवडाभर पुढे ढकलावा. गोचिडी वाऱ्याला जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी कपड्यांवर, त्वचेवर नव्हे, परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारावे आणि रात्री मुलांच्या गुडघ्यांमागे व कानांमागे पाहावे.

तारीख बदलणे हाती असेल, तर मी सप्टेंबरचा शेवटचा आठवडा घेईन. तेव्हा डोंगरावर रात्री पारा 10 अंश सेल्सिअसच्या खाली उतरू शकतो आणि तसे झाले की डास जवळजवळ उडतच नाहीत. मुलांच्या कानटोप्या मात्र सोबत असाव्यात.