डोंगरातली मुलगी आणि सागरी अभयारण्य

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला शेतकरी. मुलगी बेळगावात प्राणीशास्त्र घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला सागरी अभयारण्यांत काम करायचंय. पण तिथला खरा प्रश्न माशांपेक्षा माणसांचा आहे, म्हणून विज्ञान सोडून लोकप्रशासन घेते म्हणते. आमच्या घरात समुद्राचं कुणालाच काही कळत नाही. काय करावं?

उत्तर : सप्रेम नमस्कार. मुलीने दुखणं अचूक ओळखलंय, पण त्यासाठी विज्ञान सोडू देऊ नका.

मालवणचंच घ्या. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आणि मच्छीमारांनी त्याला कसून विरोध केला. आम्हाला विचारलंच नाही, ही त्यांची तक्रार. तिथे किनाऱ्यावर रापण ओढताना एकदा बघावं. जाळ्याच्या दोन टोकांचे दोर धरून माणसं ओळीने मागे मागे सरकतात आणि मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने पडतात. एवढी शिस्त गावाने आपली आपण घालून घेतलेली असताना तिला वगळून नकाशावर हद्द आखली, तर ती पाळायची कुणी?

कायदा याबाबत आंधळा नाही. समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांचं व्यावसायिक हित जपावं, असं वन्यजीव कायद्यातच आहे. अभयारण्याच्या सल्लागार समितीत पंचायत राज संस्थांचे ३ प्रतिनिधी घ्यायची तरतूदही आहे. अडतं ते अंमलात. अभयारण्य वन खात्याकडे, मासेमारीचे परवाने मत्स्य खात्याकडे, पर्यटकांच्या होड्या मेरीटाईम बोर्डाकडे आणि किनाऱ्यावरचा कचरा ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या गळ्यात. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारं माणूस लागतं, आणि त्याला प्रवाळही कळावं लागतं, ठरावाची भाषाही. फिलिपिन्समध्ये १९९१ च्या कायद्याने किनाऱ्यालगतच्या पाण्याचा कारभार नगरपालिकांकडे दिला. आपल्याकडे तेवढा अधिकार पंचायतीला नाही, म्हणून अशा माणसाची गरज इथे जास्तच.

तेव्हा आधी बीएस्सी पूर्ण होऊ द्या. मग सागरी जीवशास्त्रात एमएस्सी. कर्नाटक विद्यापीठाचा हा विभाग कारवारला कोडीबागेत आहे, म्हणजे तुम्हाला जवळच. भारतीय वन सेवेची परीक्षा द्यावीशी वाटली, तर तिथेही प्राणीशास्त्राची पदवी चालते, नुसती लोकप्रशासनाची चालत नाही. लोकप्रशासन मुक्त विद्यापीठातून मागाहून करता येईल.

समुद्र पाहिला नाही याची खंत नको. तुमच्याच तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. आतल्या गावांचा रस्ता, पूल, पुनर्वसन यांवरून लोक आणि वन खातं कसे अडून बसतात, हे तिने लहानपणापासून ऐकलं असणार. पुस्तकात ते सापडत नाही. ग्रामसभेला तिला घेऊन जा, इतिवृत्त कसं लिहितात ते बघू दे. शिवाय मराठी नि कन्नड दोन्ही येतात, त्यामुळे मालवणात आणि कारवारात ती दुभाष्याशिवाय बोलेल. ही मोठी जमेची बाजू आहे.

या जूनमध्ये सवड काढून तिला चार दिवस किनाऱ्यावर पाठवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माणसं जाळी दुरुस्त करत घरी असतात आणि विचारलं तर निवांत बोलतात.