‘मॅचिंग नंबर्स’ म्हणून विकायला आलेल्या १९६७च्या कॉर्व्हेटचं इंजिन मूळचंच आहे, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही न्यू जर्सीत राहता. ओहायोतल्या एका विक्रेत्याकडे १९६७ची कॉर्व्हेट कन्व्हर्टिबल, म्हणजे शेवरलेची उघड्या छताची स्पोर्ट्स कार, पसंत पडली आहे. ४२७ क्युबिक इंचांचं, ४३५ हॉर्सपॉवरचं इंजिन. जाहिरातीत ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळचं, असं ठळक लिहिलंय, त्याने इंजिनावरच्या नंबरचा फोटोही पाठवलाय आणि तो गाडीच्या व्हीआयएनशी, म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेल्या ओळख क्रमांकाशी, जुळतोय. ‘जुळतोय ना, मग आता कसली शंका?’ असं घरचे विचारताहेत.

शंका घ्याच. नंबर जुळतो यातून एवढंच कळतं, की तो ठोकणाऱ्याला गाडीचा व्हीआयएन माहीत होता. तो १९६७ साली सेंट लुइसच्या कारखान्यातल्या कामगाराला माहीत होता, तसाच चाळीस वर्षांनी गॅरेजमध्ये आकडे ठोकायच्या पंचांचा सेट घेऊन बसलेल्या एखाद्यालाही माहीत असू शकतो. तुम्हाला या दोघांतला फरक ओळखायचाय.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात आमची छोटी फाउंड्री होती. पुढे मिशिगनमध्ये मशिनिंगच्या कामात वीसेक वर्षं काढली आणि जुन्या कॉर्व्हेट हा नाद तिथेच लागला. त्यामुळे माझं उत्तर जरा लोखंडाच्या बाजूने झुकलेलं असेल, ते चालवून घ्या.

आपल्याकडे आरसी बुकावर चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. गाडी नावावर करताना एजंट कागद ठेवून वर पेन्सिल घासतो आणि नंबरचा ठसा घेतो, ते तुम्ही पाहिलं असेल. अमेरिकेत गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, फक्त व्हीआयएन असतो, इंजिनाचा उल्लेखच नसतो. त्यात शेवरलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने त्या काळी कुठल्या कॉर्व्हेटमध्ये कुठलं इंजिन बसवलं, याची आज मागता येईल अशी नोंदवही नाही. तुम्ही जग्वार घेत असता तर मी म्हटलं असतं, जग्वारच्या हेरिटेज ट्रस्टकडून दाखला मागवा, जुन्या वह्यांतला इंजिन नंबर त्यावर छापून येतो. इथे ती सोय नाही. जी साक्ष आहे ती लोखंडावरच.

आता त्या फोटोकडे या. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, पॅसेंजरच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढे ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या ओतीव मुख्य धडाचा, एक छोटा सपाट तुकडा बाहेर डोकावतो. त्याला ‘स्टॅम्प पॅड’ म्हणतात. त्यावर दोन शिक्के हवेत. एक ‘टी०२१६जेई’ अशा धाटणीचा: टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडाचा इंजिन कारखाना, ०२१६ म्हणजे १६ फेब्रुवारी, जेई म्हणजे ४३५ हॉर्सपॉवरचं ४२७. दुसरा शिक्का सात आकडी: वर्षाचा ७ आणि त्यापुढे व्हीआयएनचे शेवटचे सहा आकडे. त्या वर्षी २२,९४० कॉर्व्हेट बनल्या आणि क्रमांक १००००१पासून सुरू झाले. म्हणजे ‘७१’ने सुरू होणारा, पण ७१२२९४०च्या पुढे गेलेला आकडा दिसला, तर तिथेच हात जोडून परत फिरा.

हे दोन शिक्के वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या माणसांनी मारलेले असतात. पहिला टोनावांडात, इंजिन जुळवलं तेव्हा. दुसरा सेंट लुइसला, इंजिन गाडीत गेलं तेव्हा. दोन्हीकडे अक्षरं एका धारकात ओळीने बसवून एकाच घावात ठोकत. म्हणून प्रत्येक शिक्का स्वतःपुरता एका ओळीत असतो, पण दोघांची खोली, अक्षरांची घडण आणि तिरकेपणा यांत थोडी तफावत दिसते. दोन्ही शिक्के एकाच हातचे वाटले, किंवा अक्षरं एकेक ठोकल्यासारखी वरखाली नाचत असली, तर सावध व्हा.

तरीही शिक्क्यापेक्षा मला शिक्क्याखालची जमीन महत्त्वाची वाटते. ब्लॉकचा जो वरचा पृष्ठभाग हेडला टेकतो, त्याला डेक म्हणतात आणि पॅड हा त्याच डेकचा बाहेर आलेला तुकडा. शेवरलेच्या कारखान्यात तो ब्रोच करून सपाट करत. ब्रोच म्हणजे ओळीने दात असलेलं लांबलचक हत्यार, प्रत्येक दात आधीच्याहून किंचित उंच. ते एका सरळ फेरीत लोखंड सोलत जातं. दात झिजतात, कुठे टवका उडतो, आणि त्याची खूण प्रत्येक ब्लॉकवर बारीक समांतर रेघांच्या रूपात उमटते. या रेघा इंजिनाच्या लांबीच्या दिशेने, पुढून मागे जातात. सगळ्या एकसारख्या नसतात, एखादी ठळक, शेजारच्या दोन पुसट. मुद्दाम काढायला गेलं तर हा बेशिस्तपणा साधत नाही. सँडपेपरने ओढलेल्या रेघा फार शिस्तीत येतात.

पुढे कधी इंजिन उघडून डेक मिलिंग केला असेल तर अर्धगोल रेघा दिसतात, ग्राइंडिंग केलं असेल तर पॅड आरशासारखा गुळगुळीत. एक गैरसमज इथेच दूर करतो. डेक कापला गेला आणि नंबर गेला, यात लबाडी नाही. साठ वर्षांच्या इंजिनाच्या नशिबी हे येतंच, आणि त्या काळच्या मेकॅनिकला या नंबरची पुढे एवढी किंमत होणार हे काय ठाऊक! लबाडी आहे ती अर्धगोल रेघांच्या किंवा आरशाच्या वर ठसठशीत शिक्का असण्यात. आधी कापलं आणि नंतर कुणीतरी ठोकलं, याचा दुसरा अर्थ निघत नाही.

भिंग घेऊन अक्षरांच्या कडा बघा. शिक्का बसतो तेव्हा लोखंड दाबलं जातं आणि कडेला किंचित उचललं जातं. रेघा आधीच्या असतील तर त्या अक्षराच्या कडेपर्यंत येऊन तुटतात. शिक्का आधी मारून रेघा नंतर ओढल्या असतील तर त्या उचललेल्या कडेवरून जातात आणि कड बोथट होते. दुसरी खूण हेडच्या सांध्यापाशी. फक्त पॅडवरचा जुना नंबर घासून काढला असेल तर पॅड उरलेल्या डेकपेक्षा केसभर खाली जातो. हेड आणि ब्लॉकच्या मधल्या गॅस्केटच्या कडेला पायरी जाणवते का, रेघा सरळ गॅस्केटखाली शिरतात का, ते पाहा.

यासाठी विक्रेत्याचा तो फ्लॅश मारून समोरून काढलेला फोटो काही कामाचा नाही. टॉर्च जवळजवळ आडवा धरून, दोन बाजूंनी, हेडच्या सांध्यासकट फोटो मागा. पॅड साफ करायला थिनर आणि मऊ फडकं पुरे. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू देऊ नका. एका मिनिटाच्या घासण्यात खरा पॅडही संशयित होऊन बसतो.

आता तारखा. हे मी स्वतः पैसे मोजून शिकलोय. माझी पहिली कॉर्व्हेट १९६६ची, ३२७ इंजिनाची. पॅडवर एफ०२११एचटी, म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यात ११ फेब्रुवारीला जुळवलेलं. खालचा नंबर गाडीशी जुळणारा. मी खूश. वर्षभराने क्लच बदलताना ब्लॉकच्या मागच्या बाजूची ओतीव तारीख दिसली: ‘सी ३ ६’. या संकेतात ए म्हणजे जानेवारी, सी म्हणजे मार्च, म्हणून ३ मार्च १९६६. ब्लॉक ओतायच्या तीन आठवडे आधीच इंजिन जुळवून तयार! बाळ जन्माला यायच्या आत बारसं उरकलेलं. फाउंड्रीवाल्याच्या पोराने ओतीव तारीख सोडून पॅडच तेवढा पाहिला, यावर वडील फोनवर बराच वेळ हसले. विकणारा डीलर मात्र ‘आम्हालाही असंच सांगितलं होतं’ याच्या पुढे सरकला नाही.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जुळलं, मग गाडी बनली. यांतलं अंतर बहुधा काही दिवसांपासून काही आठवड्यांचं असतं, क्वचित महिन्यांचं. उलटं कधीच नसतं. तुमच्या गाडीत ओतीव क्रमांक ब्लॉकच्या मागे, ड्रायव्हरच्या बाजूला, बेलहाउसिंग (क्लचवरचं घंटेसारखं कवच) जोडतात त्या फ्लँजवर, म्हणजे कडेवर, सापडेल. १९६७च्या ४२७ला तो बहुतेक वेळा ३९०४३५१ असतो. ओतीव तारीख पॅसेंजरच्या बाजूला, स्टार्टरच्या आसपास. ही अक्षरं ठोकलेली नसतात, साच्यातूनच उठावदार आलेली असतात. त्यांच्या अंगावर आणि आजूबाजूला वाळूचा खरखरीतपणा सारखाच हवा. एखादा आकडा घासून दुसरा चिकटवणारेही आहेत, पण वाळूची ती कातडी पुन्हा आणणं महाकठीण. नखाने चाचपून बघा, जिथे गुळगुळीत लागेल तिथे विचारा.

गाडी कधी बनली हे कळायला एनसीआरएस, म्हणजे नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी, यांच्याकडून शिपिंग डेटा रिपोर्ट विकत मिळतो. त्यात उत्पादनाची तारीख आणि गाडी कुठल्या डीलरकडे गेली त्याचा कोड असतो, इंजिनाचं काही नसतं. तरी तारखांची साखळी पूर्ण करायला तो हवाच. याच संस्थेचं बक्षीस गाडीला मिळालंय असं विक्रेता सांगेल. सांगू दे. तिथे गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा दिसत असेल तशी दिसते का, यावर गुण मिळतात. इंजिन मूळचंच असल्याचा तो दाखला नव्हे.

कागदांत दोन गोष्टी मोलाच्या. पहिली प्रोटेक्ट-ओ-प्लेट, वॉरंटीच्या पुस्तिकेत लावलेली छोटी धातूची पट्टी. तिच्यावर व्हीआयएन, इंजिनाचा कोड आणि तारीख, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलचे कोड उमटवलेले असतात. दुसरी टँक स्टिकर, म्हणजे पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या अंगाला कारखान्यात चिकटवलेला ऑर्डरचा कागद. त्यावर एल७१ हा पर्याय छापलेला असेल तर गाडी जन्मतः ४३५ हॉर्सपॉवरची. टाकी उतरवल्याशिवाय तो नीट वाचता येत नाही आणि पुष्कळदा तो कुजलेला निघतो. दोन्हींच्या नकला बनतात. पण कुजका, डिंकाने टाकीला घट्ट धरलेला, अर्धा वाचता येणारा स्टिकर मला कोऱ्या करकरीत प्लेटपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

हे लक्षात घ्यायचं कारण असं की १९६७ला ४२७ इंजिन ३९० आणि ४०० हॉर्सपॉवरचंही होतं, आणि स्वस्त भावंडाला महागड्याचे कपडे घालणं हा जुना धंदा आहे. वर तीन कार्ब्युरेटर दिसले म्हणून भुलू नका, ते ४००लाही होते. ४३५ला सॉलिड लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे, हायड्रॉलिक नसलेले तुकडे) आणि मोठ्या चौकोनी पोर्टची, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या वाटांची, हेड असतात. व्हॉल्व्ह कव्हर काढलं की हेडचा ओतीव क्रमांक दिसतो, लोखंडी हेड असतील तर ३९०४३९१. टॅकोमीटरची लाल रेघही ४३५ला वर सुरू होते. गिअरबॉक्सवर आणि फ्रेमवरही व्हीआयएनचा भाग ठोकलेला असतो. फ्रेमवरचा ड्रायव्हरच्या बाजूला, बॉडीखाली दडलेला असतो, लिफ्टवर गाडी घेऊन आरसा किंवा बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालावा लागतो. तो नक्की बघा, कारण तिथवर जाऊन खोटं करण्याचा कंटाळा बहुतेकांना येतो.

एवढं करूनही हातात येते ती दाट खात्री, सिद्धता नाही. पॅड, ओतीव तारीख, कागद आणि फ्रेम या चौघांची जबानी जुळली तर मी स्वतः त्या किमतीला गाडी घेईन. एखादं साक्षीदार गप्प असेल, समजा टँक स्टिकर गेलाय, तरी घेईन, पण घासाघीस करीन. एक जरी खोटं बोलत असेल, तर ती गाडी ‘एनओएम’, म्हणजे मूळ इंजिन नसलेली, असं धरून भाव सांगा. अशी गाडी वाईट नसते. माझी ती ६६ची अजून माझ्याकडेच आहे आणि रविवारी मजेत पळते. फक्त तिचे पैसे एनओएमचेच द्यायचे.

विक्रेत्याला आज दोनच गोष्टी लिहा: आडव्या उजेडातले पॅडचे फोटो आणि ओतीव तारखेचा फोटो. जो ‘गाडी लिफ्टवर घ्यायला वेळ नाही, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणेल, त्याला त्या दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी शुभेच्छा द्या. फोटो आले तर इथेच टाका, रेघा मी बघून सांगतो. तोवर टोकन देऊ नका.